दोन पावलं मागे

सुतारकाका आले होते ते फक्त कडी बसवायला. चर्चच्या मागच्या हॉलचं दार नीट लागत नव्हतं आणि आत झोपणारी पोरं थंडीने काकडत होती. पोरं म्हणजे अगदी पोरं नव्हेत, विशी ओलांडलेली. मिशनच्या कामासाठी परदेशी जाण्याआधीचं शिक्षण घ्यायला आलेली. दिवसभर पाठांतर, संध्याकाळी गाणी आणि जेवण झालं की धुडगूस. काकांनी जुनी कडी काढली, बिजागऱ्यांना तेल सोडलं, नवी कडी ठोकली. काम आटोपलं. हत्यारं पिशवीत भरून ते हात पुसत होते, तेवढ्यात बाहेरून दार वाजलं.

टक. टक. टक.

आणि मग फरशीवर दोन पावलं मागे सरकल्याचा आवाज.

काकांच्या हातातला फडका खाली पडला.

"ये रे आत, नाटकं पुरे!" कोणीतरी ओरडलं. दार ढकलून चष्मेवाला आत आला. सगळ्यांत लहान तोच, आणि सगळ्यांत आधी निघणारही तोच. पुढच्या आठवड्यात त्याचं विमान होतं.

"काका, दचकलात की काय? अहो, सराव करतोय. तीनदा वाजवायचं, दोन पावलं मागे व्हायचं आणि तोंडावर उजेड पडेल असं उभं राहायचं. म्हणजे दार उघडणाऱ्याला आपण अंगावर आल्यासारखे वाटत नाही. पहिला धडा आहे आमचा."

"माहीत आहे मला तो धडा," काका म्हणाले.

"तुम्हाला कसा काय?"

बाकावर बसले. "तो मोठा दिवा घालवा रे, डोळ्यांवर येतो. आणि ज्याला झोप येत असेल त्याने आत्ताच झोपून घ्यावं. नंतर येणार नाही."

"भुताची आहे का, काका?"

"माझ्या मित्राच्या मुलाची आहे. भुताची आहे की नाही ते तुम्ही ठरवा."

पोरं पांघरुणं ओढून जवळ सरकली.

त्या मुलाला घरीदारी सगळे पाद्रीच म्हणायचे. पाच वर्षांचा असताना तो बेकरीतला रिकामा खोका उपडा घालून त्यावर उभा राहायचा आणि जिन्यातल्या मांजरांना उपदेश करायचा. एकदा एक चिमणी मेली. तिला त्याने कुंडीत पुरलं, वर प्रार्थना म्हटली आणि तिसऱ्या दिवशी उकरून बघितली. उठली नव्हती. तेव्हा जो रडायला बसला तो संध्याकाळपर्यंत. शेवटी आई म्हणाली, "अरे, तिला हाक मारायला हवी होतीस. नुसतं उकरून कोण उठतं?"

आई बेकरीत पीठ मळायची. पहाटे जायची, दुपारी यायची, आणि कितीही हात धुतले तरी तिच्या नखांत, बोटांच्या सांध्यांत पांढरं उरायचंच. तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट पहिल्या पेरापासून तुटलेलं होतं. मळायच्या यंत्रात गेलं होतं. त्यावर ती हसायची. "मालकाने पावाबरोबर खपवलं असणार." वडील पोस्टमन. दोघांचं सगळं आयुष्य तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत गेलं. दारासमोर लांबलचक गॅलरी, गॅलरीला लाकडी कठडा. दारापासून कठडा बरोबर दोन पावलांवर.

म्हणजे पाद्रीला सरावाला जागा काय छान मिळाली! मिशनने त्याची निवड केली तेव्हा तो दिवसभर स्वतःच्याच घराचं दार वाजवत सुटला. टक टक टक, दोन पावलं मागे, पाठ कठड्याला टेकली की थांबायचं. आई आतून दार उघडायची, कोपरापर्यंत पिठात.

"ताई, पाच मिनिटं आहेत का?"

"नाहीत!" धाडकन दार बंद.

"आई, असं नसतं करायचं!"

"मग लोक काय तुला ओवाळून आत घेणारेत? सवय कर." आणि आतून वडिलांचा आवाज, "मीपण आयुष्यभर दारं वाजवली रे बाबा, पण माझ्या हातात पत्र तरी असायचं. तुझ्या हातात काय आहे?"

मग तिने स्वतः करून बघायचं ठरवलं. ती बाहेर गेली, त्याला आत ठेवलं. टक, टक, टक. तिचं वाजवणं वेगळंच लागायचं. आखूड बोटामुळे मधली टक जरा दबकी. आणि मग चपलांची दोन पावलं. "दादा, पाच मिनिटं आहेत का?"

"आम्हाला नको!" तो आतून ओरडला.

बाहेर ती इतकी हसली की खोकल्याची उबळ आली. उबळ थांबेना. त्याने दार उघडलं तेव्हा ती कठड्याला धरून वाकली होती आणि तिचा एक हात पोटावर होता. पोटात गाठ होती ती तोवर फक्त तिला आणि डॉक्टरांना माहीत होती. त्या दिवशी घरात सगळ्यांना कळलं.

तो म्हणाला, मी जात नाही.

ती म्हणाली, "जायचं. गाठीला काय, दोन वर्षं थांबेल ती. आणि नाहीच थांबली तर मी येईन तिकडे तुझं दार वाजवायला. ओळखशील ना?"

"तुझी टक कोण विसरेल?"

"उघडशील ना?"

"आई, काहीतरीच."

"नाही, उघडशील ना ते सांग."

"उघडीन," तो म्हणाला. "कधीही ये. उघडीन."

काका थांबले. चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

तर, पाद्री गेला. कुठे ते विचारू नका, एक गाव म्हणा की झालं. आपली भाषा बोलणारं चिटपाखरू तिथे नव्हतं. तिकडे या पोरांना एकटं ठेवत नाहीत, जोडीने राहायचं, जोडीने फिरायचं. एकाला दुसऱ्याच्या नजरेआड व्हायची सोय नाही. आंघोळ तेवढी एकेकट्याने. याचा जोडीदार भलताच उंच, खांबासारखा. म्हणून याने त्याचं नाव खांब ठेवलं आणि त्याचा अर्थ मात्र त्याला शेवटपर्यंत सांगितला नाही.

दोघांची खोली एका लाँड्रीच्या वर होती. खाली दिवसभर यंत्रं घरघरायची, जमीन थरथरायची, आणि साबणाचा वास पांघरुणातसुद्धा यायचा. लाँड्रीवाली बाई घरमालकीण. तोंडाने फटकळ. पहिल्याच दिवशी म्हणाली, "देवाचं काय ते रस्त्यावर. माझ्या जिन्यात नको. आणि सायकली पुसून आत आणायच्या." तरी ह्यांचे पांढरे शर्ट ती तिच्या इस्त्रीतून काढून द्यायची. खोलीला जायला बाहेरून लाकडी जिना. जिन्याच्या टोकाला दार, आणि दारासमोर एक फळी. एकच माणूस कसाबसा उभा राहील एवढी. त्यामागे लगेच उतरती पायरी.

पहिल्याच आठवड्यात खांब म्हणाला, "गंमत बघ. आपण गावभर दोन पावलं मागे होतो, आणि आपल्याच दाराशी कोणी तसं केलं तर खाली लाँड्रीत जाईल." दोघे खूप हसले.

रोजचं आयुष्य म्हणाल तर सायकल आणि दारं. सकाळी प्रार्थना, भाषेचा अभ्यास, मग निघायचं. एका घरात पाणी मिळायचं, दुसऱ्या घरात कुत्रा. एक म्हातारे गृहस्थ नेमाने आत घ्यायचे, नेमाने वाद घालायचे आणि शेवटी म्हणायचे, "पुढच्या आठवड्यात या, माझे अजून चार मुद्दे आहेत." एका बाईने वरच्या खिडकीतून बादली ओतली. पाद्री डोकं पुसत खांबाला म्हणाला, "स्वच्छ पाणी आहे. म्हणजे राग नाही, नुसता कंटाळा आहे." असा होता तो. दार बंद झालं की वाईट वाटून घ्यायचं नाही, हे तो आईकडून शिकला होता.

मात्र एक गोष्ट त्याला खटकायची. दार वाजवल्यावर आत माणसं असतात ते कळतं. रेडिओ बारीक होतो. पावलं थांबतात. दाराच्या पलीकडे कोणीतरी श्वास रोखून उभं राहतं आणि वाट बघतं, हा कधी जाईल. तो खांबाला म्हणायचा, "नाही म्हटलेलं चालतं मला. पण हे असं श्वास धरून उभं राहणं... मी कधीच कोणाला असं करणार नाही."

घरी फोन रविवारी. आई फोनवर ठणठणीत. "गाठ? ती आहे आपली बसून, भाडं न देणारी भाडेकरीण." मग हळूहळू फोन वडील उचलायला लागले. "झोपलीय." "बरी आहे, झोपलीय." डिसेंबरात तिला हॉस्पिटलात हलवलं. घशात नळी असल्यामुळे बोलता येत नव्हतं. वडिलांनी फोन तिच्या कानाशी धरला आणि पाद्री बोलत राहिला. पलीकडून नुसता एक आवाज. टक, टक, टक. पलंगाच्या लोखंडी दांडीवर. मधली टक दबकी.

"कळलं आई," तो म्हणाला. "ये. उघडतो."

पुढचा फोन रविवारी व्हायचा होता. ही गोष्ट त्याच्या आदल्या रात्रीची. डिसेंबरातला दुसरा शनिवार, रात्रीचे पावणेअकरा.

मिशनचा एक नियम होता. नऊनंतर दार उघडायचं नाही. कोणालाही नाही. गाव तितकंसं चांगलं नव्हतं, आधीच्या जोडीला दारात मारहाण झाली होती. खाली लाँड्री बंद. यंत्रं गार. बाहेर धुकं इतकं की रस्त्यावरचा दिवासुद्धा नुसता पिवळा डाग. खांब आडवा झाला होता. पाद्री जमिनीवर बसून उद्याच्या सभेसाठी बुटांना पॉलिश करत होता.

जिना वाजला नाही. हे लक्षात ठेवा. त्या जिन्याची चौथी पायरी मांजर चढलं तरी कुरकुरायची. ती वाजली नाही.

दार वाजलं.

टक. टक. टक.

"उघडायचं नाही," खांब पडल्या पडल्या म्हणाला.

पाद्रीच्या हातात ब्रश तसाच राहिला. मधली टक दबकी होती.

मग पावलं. एक पाऊल मागे. फळी करकरली.

आणि दुसरं पाऊल.

दुसऱ्या पावलाला जागाच नव्हती. तिथे फळी संपत होती. तिथे हवा होती. तरी पाऊल पडलं. चपलेचं. फरशीवर पडावं तसं.

खांब उठून बसला. "कोण आहे?"



पुन्हा तीन. पुन्हा एक पाऊल. पुन्हा दुसरं.

आणि मग अगदी हळू आवाज आला. मराठीत.

"दादा... पाच मिनिटं आहेत का?"

खांबाने विचारलं, "कोणती भाषा आहे ही? काय म्हणतेय?"

पाद्री उठला. दारापाशी गेला. हात कडीवर ठेवला. कडी बर्फासारखी गार. दाराच्या फटीतून एक वास आला, साबणाचा नाही. ओल्या पिठाचा, पहाटेच्या बेकरीचा...

आता तुम्ही म्हणाल, उघडायचं की! आई आहे! पण त्याच्या जागी उभं राहून बघा. आई समुद्रापलीकडे पलंगावर पडलेली. घशात नळी. तिला बोलता येत नाही. मग बाहेर जे बोलतंय ते कोण? शिक्षणात त्याला शिकवलं होतं, तुम्हालाही शिकवत असतील. सैतान कधी शिंगं लावून येत नाही. तुमच्या सर्वांत जवळच्या माणसाचा आवाज घेऊन येतो. विश्वास ढळवायला. नियम मोडायला लावायला.

त्याने कडीवरचा हात काढला.

श्वास रोखला.

बाहेर कोणीतरी वाट बघत होतं. किती वेळ, कोण जाणे. खांब नंतर सांगायचा की मेणबत्ती विझावी तसं त्याचं तोंड झालं होतं. मग पाद्रीच्या तोंडून शब्द गेले. ठरवून नाही. जुन्या सवयीने गेले.

"आम्हाला नको."

बाहेर कोणी हसलं नाही.

पावलंही उतरली नाहीत. काहीच झालं नाही. नुसता तो वास हळूहळू कमी होत गेला, आणि शेवटी फक्त साबण उरला.

सकाळी मिशनचे प्रमुख स्वतः आले. टोपी हातात घेऊन जिन्याच्या खाली उभे राहिले, तेव्हाच पाद्रीला कळलं. आई रात्री गेली होती. वेळ जुळवून बघितली तर तिकडची पावणेअकराच. प्रमुख म्हणाले, "जायचं असेल तर जा. पण अर्धं काम टाकून गेलेला मुलगा तुझ्या आईला आवडला असता का?" माणूस वाईट नव्हता तो. पण काही वाक्यं चांगल्या माणसांच्या तोंडूनच जास्त लागतात. पाद्री राहिला.

वडिलांनी फोनवर सांगितलं, शेवटी ती सारखी दांडी वाजवत होती. नर्सला वाटलं पाणी मागतेय. मग एकदम थांबली. डोळे उघडे, दाराकडे लागलेले. "वाटलं, कोणी येणारे म्हणून बघतेय," वडील म्हणाले. "आणि मग, पाद्री, तिचं तोंडच बदललं रे. कोणी तोंडावर दार आपटावं तसं."

पाद्रीने त्या रात्रीचं वडिलांना सांगितलं नाही. म्हाताऱ्याला कशाला सांगायचं?

आणि म्हाताऱ्याने त्याला आपलं सांगितलं नाही. पोराला परदेशात कशाला घोर?

त्यानंतर पाद्री रात्रीचं दार उघडं टाकून झोपायला लागला. नियम गेला खड्ड्यात. खांब थंडीने कुडकुडायचा, पण बोलायचा नाही. कोणी आलं नाही. एकदाही नाही. आणि दिवसा आणखी एक होऊ लागलं. खांबाने दार वाजवलं तर लोक उघडायचे. पाद्रीने वाजवलं की नाही. त्या वाद घालणाऱ्या म्हाताऱ्यानेसुद्धा नाही. आत रेडिओ बारीक व्हायचा. पावलं थांबायची. दाराच्या पलीकडे कोणीतरी श्वास रोखून उभं राहायचं. पाद्री दोन पावलं मागे होऊन उजेडात उभा, आणि दार बंद. त्या गावात त्याने उरलेली सगळी मुदत अशी काढली. एक दार त्याला उघडलं नाही.

"काका, आणि घरी? वडिलांचं काय?" कोणीतरी कुजबुजलं.

घरी महिन्याभरात सुरू झालं. रात्री पावणेअकरा. टक, टक, टक. मधली दबकी. पहिल्या रात्री माझा मित्र धावत गेला, दार उघडलं. गॅलरीत कोणी नाही. गार वारा आत आला आणि तो तापाने आठवडाभर पडून होता. पुन्हा वाजलं. या वेळी आवाजही आला. "अहो, पाच मिनिटं आहेत का?" त्याने उघडलं. पुन्हा कोणी नाही, पुन्हा ताप. शेजारच्या नर्सबाई म्हणाल्या, "अहो, तिसऱ्यांदा उघडलंत तर मी तुम्हाला वाचवू शकणार नाही. काही ऐकू आलं तरी उघडू नका." मग तो कानांवर उशी घेऊन झोपायला लागला. पण उशीतूनही ऐकू यायचंच.

आणि मग आवाज बदलला. मुलाचा झाला.

"बाबा, मी आलोय. दार उघडा."

हुबेहूब. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो ढसाढसा रडला, कडीपर्यंत गेला, आणि परत फिरला. पोरगा तर परदेशात, आत्ताच दुपारी फोनवर बोलला होता. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री तेच. "बाबा, मी आलोय. दार उघडा." मग तीन टकटक. एक पाऊल. दुसरं पाऊल. शांतता. असे कितीतरी महिने. माणसाला कशाचीही सवय होते, पोरांनो. बायकोच्या टकटकीची होते. मुलाच्या हाकेचीही होते.

पाद्रीची मुदत संपली. शुक्रवारी सकाळी पोहोचतो म्हणून त्याने फोनवर सांगितलं. वडिलांनी घर झाडलं, गादी उन्हात टाकली, बेकरीतून पाव आणून ठेवले. घरात पीठ नव्हतंच. ती गेल्यापासून डबा बाहेरून यायचा. एक गोष्ट मात्र ते फोनवर सांगायला विसरले. एवढीशी गोष्ट, कोण सांगतं? की इमारतीच्या मालकाने गॅलरीचा सडका कठडा काढलाय, नवा लोखंडी बसायचाय, आणि तोवर तिथे नुसती दोरी बांधलीय. त्या गुरुवारी संध्याकाळी मजूर सामान वर चढवताना दोरी सोडून गेले. परत बांधली नाही. गॅलरीतला दिवा तर महिनाभर बंदच होता.

पाद्रीला आदल्या विमानात जागा मिळाली. मोबाइल वाटेतच बंद पडला. त्याने विचार केला असेल, बाबांना चकित करू.

गुरुवार. रात्रीचे पावणेअकरा.

टक. टक. टक.

आत म्हाताऱ्याने सवयीने उशी कानावर ओढली.

"बाबा, मी आलोय. दार उघडा."

तेच शब्द. तोच आवाज.

"बाबा? झोपलात का?" हे नवीन होतं. म्हाताऱ्याने उशी आणखी घट्ट दाबली. आता जास्त बोलायला शिकलंय, त्याच्या मनात आलं. बोलू दे आजची रात्र. उद्या खरा येईल.

बाहेर बॅग खाली ठेवल्याचा आवाज. थोडी शांतता. मग बाहेरचा हळूच हसला. आई आठवली असेल. आणि मोठ्याने, नाटकी आवाजात, लहानपणीसारखा बोलला.

"दादा, पाच मिनिटं आहेत का?"

आत म्हाताऱ्याने श्वास रोखला.

टक. टक. टक.

एक पाऊल मागे.

दुसरं पाऊल.

इतके महिने दुसऱ्या पावलानंतर काही यायचं नाही. नुसती शांतता.

त्या रात्री आवाज आला.

...

खूप खालून आला.

हॉलच्या दाराची नवी कडी वाऱ्याने एकदा हलली, तेव्हा दोघेतिघे एकदम तिकडे बघायला लागले.

"पहाटेच्या पाळीला निघालेल्या बेकरीतल्या बाईला तो दिसला," काका म्हणाले. "मित्राने मला बोलावलं ते नंतर. खांबही आला होता, त्याची राहिलेली बॅग घेऊन, दोन दिवस म्हाताऱ्याशेजारी बसून होता. तिकडचं सगळं, पाद्रीने त्याला नंतर उलगडून सांगितलेलंसुद्धा, त्यानेच सांगितलं. मित्राने मला एकच काम सांगितलं. म्हणाला, दार काढून ने. बिजागऱ्यांसकट. मला दार नको. मी काढलं. तिथे आता पडदा आहे. कधीही जा, आत जाता येतं. तेव्हापासून तिथे काही वाजलेलं नाही."

"मग संपलं?" चष्मेवाल्याने विचारलं.

"दार काढताना आत खुंटीवर त्याचा शर्ट होता. पांढरा, अंगावरचा. पोलिसांनी परत दिलेला. त्याच्या छातीवर पिठाचा पंजा होता. वाळलेला. लहान पंजा, बाईमाणसाचा. उजवा. मधलं बोट आखूड."

कोणीतरी जोरात श्वास घेतला.

"मित्राने तो चार वेळा धुतला. जात नाही. मी विचारलं, हा कसला? तर म्हणाला, मी रोज बघत बसतो याच्याकडे. छातीवर आहे. बोटं वरच्या बाजूला. तूच सांग, तू हातांनी काम करणारा माणूस आहेस. पडणाऱ्याला धरताना पंजा असाच पडतो ना?"

काकांनी पिशवी खांद्याला लावली.

"असाच पडतो, मी म्हटलं. तो म्हणाला, हो ना. आणि ढकलतानाही असाच पडतो."